दौलत वस्तादाचं पोट

दौलत वस्तादानं आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या कानाखाली वाजवली तेव्हा मी शेजारीच इंजेक्शनचा ट्रे घेऊन उभी होते. डॉक्टर खुर्चीसकट मागच्या भिंतीवर आदळले. चष्मा उडाला तो हात धुवायच्या भांड्यात पडला. बाहेरच्या बाकावरचे पेशंट आपापली दुखणी विसरून दारात गोळा झाले, आणि एरवी त्यांच्यावर गुरकावणारा आमचा कंपाउंडर औषधाच्या कपाटामागे जाऊन उभा राहिला.

डॉक्टरांनी विचारलं तरी काय होतं? वस्तादाचे डोळे हळदीसारखे पिवळे झालेले, पाय सुजलेले, पोट तट्ट फुगलेलं. डॉक्टरांनी उजव्या बरगडीखाली बोटं रुतवली. लिव्हर हाताला लागलं, टणक. त्यांनी जाणत्यासारखी मान हलवली आणि विचारलं, "किती वर्षांपासून घेता?"

"काय घेतो?"

"दारू हो. दुसरं काय?"

बस्स. तेवढ्यावर हात सुटला.

"मी अन् दारू? बाहेर जाऊन इचार ना बे! दौलतनं दारूले हात लावला का दारू इकणाऱ्याले, कोनी बी सांगन!"

मी त्याचा दंड धरून त्याला बाहेर ओढला. म्हणजे तो आला म्हणून आला. त्याला ओढायचं म्हणजे हमाल लावावे लागले असते. व्हरांड्यात येऊन तो मटकन खाली बसला. मला म्हणाला, "सिस्टरबाई, त्यानं सर्वाईसमोर म्हटलं. सर्वाईनं आयकलं." तेव्हा मला कळलं की हा माणूस मरणाला भ्यालेला नाही, ह्या एका शब्दाला भ्यालेला आहे. 'पितो' हा तो शब्द. पुढे जे काही झालं ते सगळं त्या शब्दापायी झालं, म्हणून आधी सांगून टाकलं.

वस्ताद माझा शेजारी. अमरावतीला अंबागेटाच्या आत त्याची तालीम होती, तालमीमागे त्याचं घर, आणि घराला लागून माझी भाड्याची खोली. मधली भिंत कुडाची. पहाट झाली की पलीकडून दंड थोपटल्याचे आवाज यायचे आणि त्यावर वस्तादाच्या शिव्या. शिव्यांनीच मला जाग यायची. माणूस नांदगाव पेठेकडचा, कुणब्याचा. काळी कसदार जमीन भावाच्या हवाली करून शहरात आला आणि इथेही मातीतच लोळत राहिला. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "बायको केली तं कधी तरी माहा हात उठन. दौलतचा हात पडला तं बाई वाचन का? जाऊ द्या ना."

घरात म्हातारी आई होती. अख्ख्या अमरावतीत तिच्यावर तेवढा त्याचा आवाज चढत नसे. आमच्या घरानं छप्पन साली दीक्षा घेतलेली. म्हातारी माझ्या हातचं पाणी घ्यायची नाही. वस्ताद घ्यायचा, आणि म्हातारीच्या देखत मुद्दाम मागून घ्यायचा. त्यात सुधारणा किती आणि खोडी किती, मला आजही सांगता येणार नाही. भांडण त्याला भाकरीबरोबर तोंडी लावायला लागायचं.

त्याची काही वाक्यं ठरलेली होती. पोरगं रडत आलं की, "रडाले दुसरी जागा पाह्य, इथी माती भिजते." कोणी आजारी पडलं की, "पोट साफ तं मानूस साफ." आणि कोणी काही नाकबूल केलं की त्याच्या मानगुटीला धरून, "तोंड खोटं बोलते रे, अंग नाई बोलत." ह्या शेवटच्या वाक्यावर त्याचा फार जीव.

आता माझंच सांगते. माझा नवरा प्यायचा. दारूबंदी होती म्हणाल, तर होती ना! म्हणजे दारू चोरून मिळायची आणि जास्त जहाल मिळायची, एवढाच फरक. एका दुपारी त्यानं माझे केस धरले, मला चुलीपर्यंत ओढत नेलं आणि पाट्यावरचा वरवंटा उचलला. तेवढ्यात पलीकडून वस्ताद आला. दारानं नाही आला. त्यानं भिंतीला लाथ घातली आणि कुड फोडून, अंगावर माती-काड्या घेऊन आत शिरला. माझ्या नवऱ्याचा वरवंट्याचा हात त्यानं मागे पिरगाळला. कट्‌कन आवाज झाला. मी नर्स, मला आवाजावरूनच कळलं की खांद्याचा सांधा निखळला. मग त्याला फरफटत रस्त्यावर नेलं आणि तोंडावर असं मारलं की ओठ कुठे नि हिरडी कुठे ते ओळखू येईना. नवरा उठला, हात लोंबकळत ठेवून तसाच गेला, तो परत आला नाही. वर्ध्याकडे कुठे राहिला म्हणतात.

बाया म्हणाल्या, "सिस्टर, तुमचा संसार मोडला वो त्या पैलवानानं." मी म्हटलं, संसार गेला चुलीत, डोकं तर शाबूत राहिलं! मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू? संध्याकाळी वस्ताद शेणमातीचं घमेलं घेऊन भिंत लिंपायला आला आणि लिंपता लिंपता मलाच झापायला लागला. "काहून सहन करून राहिली होती तू? हात नव्हते तुले?" तिथून पुढे मात्र त्यानं मला कधी 'तू' म्हटलं नाही. सिस्टरबाई म्हणायला लागला.

दारूचा त्याला एवढा तिटकारा का, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हातभट्टीचा सुगावा लागला की पोरं घेऊन जायचा आणि मडकी फोडून यायचा. एकदा भट्टीवाल्यानं कोयता मारला, पाठीवर वीतभर जखम. टाके मी घातले. टाके घालताना बेटा हसत होता.

तालमीत त्याचा नेम एकच. जो दारू प्याला त्याला मातीच्या हौदात उभा करायचा आणि तालमीतल्या प्रत्येकानं, लहानापासून मोठ्यापर्यंत, त्याला उचलून आपटायचा. सगळ्यांत शेवटी वस्ताद. मग त्याचा लंगोट रस्त्यावर फेकायचा. तुळशीराम टांगेवाल्याचा मनोहर धामणगावला एका लग्नात गेला आणि तिथे चारचौघांच्या आग्रहानं प्याला. गोष्ट वस्तादाच्या कानावर आली. मनोहरला हौदात उभा केला. तुळशीराम दारात हात जोडून उभा, "एक डाव माफ करा वस्ताद, लेकरू हाय." वस्ताद म्हणाला, "नेम लेकराले बी अन् बापाले बी." पोरांनी आपटला तोवर मनोहर उठत होता. वस्तादानं टाकला तेव्हा त्याचा जबडा मोडला. आमच्याच दवाखान्यात तारेनं बांधला. कितीतरी दिवस पोरगा नळीनं पेज पीत होता. जबडा बसला तो तिरपाच बसला. तुळशीराम ओरडला नाही, फिर्याद केली नाही. हात खाली घेतले आणि म्हणाला, "बरं. नेम ध्यानात ठेवतो."

मला हे पटलं नव्हतं, आणि मी ते वस्तादाला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "तुमी सुया टोचता तवा मी मधात येतो का?"

अकोल्याच्या कुस्त्यांच्या एका दंगलीत वस्तादाचा गुडघा गेला. समोरच्या गड्यानं पाय अडकवून वर अंग टाकलं, गुडघा उलटा वळला. पुन्हा म्हणून कुस्ती झाली नाही. दंड नाही, बैठका नाहीत, धावणं नाही. कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही. आणि हीच आमच्याकडच्या पैलवानांची खोड! व्यायाम बंद झाला तरी दूध चालू, तूप चालू, बदामाची थंडाई चालू, वर खारकांचा शिरा. खुराक सोडला तर पैलवान कोसळतो, अशी समजूत. मी म्हणायची, "वस्ताद, इंजन बंद पडलं, आता कोळसा कशाला टाकता?" तर म्हणायचा, "पैलवान खुराकानं उभा राह्यते सिस्टरबाई, तुमच्या गोळ्याईनं नाई."

मग पोट आलं. हातपाय तसेच, उलट वाळत चाललेले, आणि मधोमध ते पोट, कडक, नगाऱ्यासारखं. पहिल्यांदा त्याला त्याचा अभिमानच वाटला. नंतर राग यायला लागला. आणि राग आला की वस्तादाला एकच गोष्ट यायची. स्वतःच्या पोटावर बुक्क्या मारायचा. एकदा तर हौदात उताणा पडून दोन पोरांना म्हणाला, "चढा वरतं. नाचा." पोरं भीत भीत चढली. "जोरानं साल्याहो!" ती नाचली. पोट तसूभर खाली गेलं नाही, आणि वस्ताद मातीत ओकला.

त्याहून वाईट म्हणजे तो जमालगोटा. जमालगोटा हे जुलाबाचं बी, बैलाला द्यायचं तरी माणूस विचार करतो. वस्ताद दर आठवड्याला घ्यायचा. पोट साफ तं मानूस साफ! भिंतीपलीकडून परसातलं त्याचं कण्हणं, गुरगुरणं ऐकू यायचं. आतड्यांशीच कुस्ती चाललेली असायची. शौचाला रक्त पडायचं. "घाण निंगून राहिली," म्हणायचा. मी कपाळावर हात मारायची. "घाण नाही वस्ताद, आतड्याचं अस्तर निघतंय!" तो ऐकतो कुठला! जुलाबानं ताकद गेली म्हणून परत वाटीभर तूप. मग अपचन, वारा, कळा, की परत जमालगोटा. एकीकडून उपसायचं आणि दुसरीकडून ओतायचं, असं कितीतरी वर्षं चाललं. शेवटी डोळे पिवळे झाले आणि मी भांडून भांडून त्याला दवाखान्यात आणला. तिथे काय झालं ते सांगितलंच.

डॉक्टरांनी पोलिसांत दिलं नाही, उपकारच म्हणायचे. पण कंपाउंडरचं तोंड कोण बंद करणार? दोन-चार दिवसांत गोष्ट भाजीबाजारापर्यंत पोचली. वस्ताद लपून पितो. डॉक्टरनं लिव्हर पाहून ओळखलं. भट्टीवाले तर तालमीवरून जाताना मुद्दाम लडखडत चालायचे आणि हसायचे. आयांनी पोरं काढून नेली. हौदाची माती दिवस दिवस कोणी उकरेना.

सदा तेवढा राहिला. सदा म्हणजे वस्तादाचा पट्टशिष्य. आईबाप नसलेलं पोर, वस्तादानं ते पाच-सहा वर्षांचं असताना घरी आणलं, स्वतःच्या ताटात जेवू घातलं. आता त्याचाच दंड वस्तादाच्या मांडीएवढा झाला होता. तो एक दिवस माझ्या दारात आला, खाली बघत म्हणाला, "सिस्टर, तुमची भिंत लागून हाय. तुमाले कधी काही जानवलं का? बाटलीचा आवाज... वास..."

असा संताप आला मला! "अरे, दारुड्याबरोबर मी संसार केला. मला दारू भिंतीपलीकडूनच काय, गल्लीपलीकडून कळते. तुला लाज नाही वाटत?" सदा रडायला लागला. "मले नाई वाटत पिले म्हनून," म्हणाला, "लोक इचारून राहिले, त्याईले काय सांगू?"

वस्तादालाही तेच हवं होतं. लोकांना सांगणारा माणूस. अकोल्याला नागपूरच्या कॉलेजातून शिकून आलेले तरुण डॉक्टर होते, डॉक्टर इंगळे, आमच्याच समाजातले, माझ्या लांबच्या नात्यातले. मी म्हटलं, चला त्यांच्याकडे. बडनेऱ्याहून पॅसेंजर धरली. वस्तादाच्या पायांना सूज, गाडी हलली की तोही हलायचा. मूर्तिजापूरला एक धोतरवाला चढला, त्यानं वस्तादाचे डोळे बघितले, बायकोला जवळ ओढलं आणि म्हणाला, "तिकडं नको बसू, पिलेला दिसते."

म्हटलं, आता हा धोतरवाला खिडकीतून बाहेर जातो. आजूबाजूचे सरकून बसले. पण वस्तादानं मान खाली घातली आणि अकोल्यापर्यंत वर केली नाही. त्याला इतक्या मारामाऱ्यांत बघितलं, कधी भीती वाटली नाही. त्या दिवशी वाटली.

डॉक्टर इंगळ्यांनी दारूचं नावही काढलं नाही. पोटावर बोटं वाजवून बघितली आणि विचारलं, "खाता काय? आणि पोट साफ कसं ठेवता?" वस्तादानं सगळं सांगितलं, तूप, थंडाई, शिरा, जमालगोटा.

डॉक्टर म्हणाले, "वस्ताद, पोटाच्या आत आतड्याभोवती जी चरबी साठते ती मांडीच्या चरबीसारखी गप्प बसत नाही. ती पाझरत राहते. आणि आतड्याकडून निघणारी मोठी शीर सरळ लिव्हरात जाते. त्या वाटेनं ही चरबी लिव्हरात भरली. त्यात तुम्ही आतडं सोलून काढलंत. धड आतडं चाळणीसारखं असतं, कामाचं तेवढं आत सोडतं. तुमची चाळणीच फाटली. आतली सडकी घाण, जंतूंचं विष, तेही त्याच शिरेनं लिव्हरात. वर्षानुवर्षं लिव्हर दोन्हींकडून मार खातंय. अजून पुस्तकात हे एवढं स्वच्छ लिहिलेलं नाही, थोडा माझा अंदाज आहे. पण तुम्ही दारू प्याला नाहीत हे मला पटतं."

वस्ताद हमसून हमसून रडला. एवढा मोठा माणूस, टेबलावर डोकं ठेवून. मग डोळे पुसून म्हणाला, "मंग चला अमरावतीले. सांगा पोट्ट्याईले."

"सांगीन. पण दाखवता यायचं नाही."

"मेल्यावर पोट फाडा. लिव्हर काढा अन् ठेवा चौकात. पाहू द्या लोकाईले!"

"फाडलं तरी उपयोग नाही," डॉक्टर हळूच म्हणाले. "दारूनं बिघडलेलं लिव्हर आणि तुपानं बिघडलेलं, दोन्ही पिवळी, दोन्ही चरबीनं भरलेली, शेवटी दोन्ही गाठाळ. समोर ठेवली तर मलाही ओळखता येणार नाहीत."

वस्तादानं टेबलावर मूठ आपटली. काच तडकली, त्याच्या हातातून रक्त आलं, आणि तो ओरडला, "अंग खोटं बोलत नाई म्हने मी! जिंदगीभर शिकवलं पोट्ट्याईले! हे लिव्हर सालं माहीच बदनामी करून राहिलं!" मग एकदम हसला. "तुपानंच मराचं होतं तं पिऊन तरी पाह्याले पाह्यजे होती, नाई का डॉक्टर?"

डॉक्टर हसले नाहीत. जुलाब बंद, तूप बंद, साधी भाजी-भाकरी, एवढं सांगून त्यांनी मला बाजूला घेतलं. अन्ननळीतल्या शिरा फुगल्या असणार, म्हणाले, जोर म्हणून लावू देऊ नका. एखादी फुटली तर रक्ताची उलटी होईल आणि ती आपल्याला थांबवता येणार नाही. मी हे वस्तादाला गाडीत शब्दाशब्दानं सांगितलं. त्यानं ऐकलं. ऐकून घेण्यात तो कधी कमी नव्हता, करण्यात होता.

परतलो त्याच्या दुसऱ्याच सकाळी तुळशीराम तालमीच्या दारात आला. बरोबर मनोहर, आणि मागे निम्मा मोहल्ला. तुळशीरामनं आवाज चढवला नाही. "वस्ताद," तो म्हणाला, "नेम लेकराले होता. बापाले बी होता. आता वस्तादाले हाय का नाई, तेवढं सांगा. मंग मी चाललो."

वस्ताद घरातून बाहेर आला. सदरा काढला. त्या पोटाखाली लंगोट कसला आणि हौदात उतरला. तालीम सोडून गेलेली पोरंही भिंतीवर चढून बघत होती. तो मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "मी पिलो नाई. अकोल्याच्या डॉक्टरनं बी सांगतलं, पन ते दाखवता येत नाई म्हनते. मंग मी दाखवतो. ज्याले वाटते दौलत पिला, त्यानं मातीत यावं अन् मले पाडावं. ज्याले नाई वाटत, त्यानं बाहीर थांबावं."

मी ओरडले, "वस्ताद, डॉक्टर काय म्हणाले? जोर लावायचा नाही!"

"सिस्टरबाई, हा दवाखाना नाई."

कोणी हललं नाही. वस्ताद एकेकाकडे वळून बघत होता. सदाकडे बघितलं. सदा काठावर हात बांधून उभा, जागचा हलला नाही. वस्तादाच्या तोंडावर इतकं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, झालं, मिटलं.

तेवढ्यात तुळशीरामनं मनोहरला ढकललं. "जाय."

"बा, राहू दे ना," मनोहर त्या तिरप्या जबड्यातून म्हणाला.

"जाय म्हनतो!"

मनोहर उतरला. मुकाट मातीला हात लावून कपाळाला लावला आणि वस्तादाच्या अंगावर धावून गेला. डोकं सरळ पोटात घातलं. वस्ताद चार पावलं मागे फेकला गेला, काठावर आदळला, श्वास घुसमटला. मनोहरनं दुसऱ्यांदा डोकं घातलं. तिसऱ्यांदा वस्तादानं त्याची मान काखेत धरली. मनोहर बुक्क्या मारतोय, बरगडीवर, पोटावर, मिळेल तिथे, आणि मारता मारता रडतोय. मी किंचाळत होते. एकाही माणसानं हौदात पाय टाकला नाही. मग वस्ताद त्या मोडक्या गुडघ्यावर वाकला, मनोहरला खांद्यावर घेतला आणि धोबीपछाड मारली. कपडा दगडावर आपटावा तसा मनोहर पाठीवर पडला. दोन्ही खांदे मातीला लागले. कुस्ती संपली.

वस्ताद सरळ झाला, हात वर केला आणि तोंड उघडलं. शब्द आला नाही, रक्त आलं. थोडंथोडकं नाही, उसळून आलं. मनोहरच्या छातीवर, मातीवर, स्वतःच्या पोटावरून खाली. दुसरी उलटी गुडघ्यांवर बसून झाली. तिसरी आडवा पडून. माती रक्तानं काळी पडली.

मी हौदात उडी टाकली. सदा माझ्या आधी पोचला होता. मला वाटलं तो वस्तादाला उचलतो आहे. तो गुडघ्यावर बसला, दोन्ही तळवे टेकले, आणि त्या रक्ताजवळ नाक नेलं. हुंगलं. परत हुंगलं, जरा खोल. मग उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "वास नाई! दारूचा वास नाई! माहा वस्ताद नाई पिला!"

लोकांनी गलका केला. बजरंगबलीचा जयजयकार झाला. भिंतीवरची पोरं नाचायला लागली. सदाच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आनंदानं. तुळशीराम धावत गेला, आपला टांगा तालमीच्या दाराशी घेऊन आला, आणि वस्तादाचे पाय त्यानं आणि मनोहरनं धरले. सगळ्यांना पटलं होतं. ज्यासाठी वस्ताद हौदात उतरला ते त्याला मिळालं होतं.

टांग्यात वस्तादाचं डोकं सदाच्या मांडीवर होतं, मी बाजूला बसून नाडी धरली होती. नाडी बोटाखालून सुटत होती. तुळशीराम घोड्याला चाबकानं झोडत होता. वस्तादाचे डोळे उघडे होते आणि ते सदाच्या तोंडावरून हलत नव्हते.

"झालं वस्ताद," सदा म्हणत होता, "सर्वाईले पटलं. आता कोनी नाई बोलत."

वस्तादानं ओठांवरचं रक्त जिभेनं बाजूला केलं.

"काहून रे सदा," तो म्हणाला, "तुले बी वास घ्या लागला?"

सदा माझ्याकडे बघायला लागला, जसं काही मी उत्तर देणार होते. वस्ताद वाट बघत राहिला, शिवी नाही, हात उचलणं नाही, नुसता बघत राहिला, आणि दवाखान्याच्या फाटकात टांगा वळला तेव्हा बोटाखाली काही लागेना. डोळे तसेच सदावर होते. ते मी मिटले. सदानं हात पुढे केला होता. मी तो लागू दिला नाही.